जुन्या गाडीचा ऑटो एसी बिघडलाय? गॅस भरायच्या आधी या क्रमाने तपासा

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाडीचा एसी नीट चालेनासा झाला की बहुतेक जण थेट गॅस भरायला जातात. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, कधी तेवढंही नाही, आणि पुन्हा तेच रडगाणं. गॅस भरणं चुकीचं नाही, पण ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे.

साध्या एसीत नॉब तुम्ही फिरवता, म्हणजे किती गार हवं ते तुम्हीच ठरवता. ऑटोमध्ये ते एक कंट्रोल युनिट ठरवतं आणि चार-पाच सेन्सर त्याला खबर देतात. म्हणून इथे तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात, तेही याच क्रमाने: गारवा तयार होतोय का? तो तुमच्यापर्यंत पोचतोय का? आणि एसीच्या मेंदूला खरं तापमान कळतंय का?

माझ्याकडे २००९ ची टोयोटा ऑल्टिस आहे. एकदा टेम्पो घासला म्हणून पुढचा बंपर काढून, रंगवून परत बसवून घेतला. दुसऱ्या दिवसापासून वारा येत होता, गारवा नाही. गॅरेजने दोनदा गॅस भरला. तिसऱ्यांदा जायच्या आधी सहज पडद्यावरचं बाहेरचं तापमान पाहिलं तर उणे ३०. एप्रिल महिन्यात! बंपरखाली टॉर्च मारला, तर बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर मोकळाच लोंबकळत होता, तोंडात चिखल भरलेला. बाहेर बर्फ पडतोय अशी कंट्रोल युनिटची समजूत झालेली, त्यामुळे ते कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, चालूच करू देत नव्हतं. गॅसचा काही संबंध नव्हता.

खालचा क्रम साधारण २००५ ते २०१५ मधल्या ऑल्टिस, एसएक्स४, फ्लुइडिक व्हर्ना, लॉरा अशा गाड्यांना लागू पडतो. बारीकसारीक फरक मॉडेलनुसार असतील.

## तयारी

लागणाऱ्या वस्तू: जाळीत खुपसता येईल असा सळीचा डिजिटल थर्मामीटर, साधा मल्टिमीटर, टॉर्च, मऊ ब्रश, टिश्यू पेपर, गाडीचं मॅन्युअल, वही आणि पेन. प्रेशर गेज घरी नको.

वही मात्र खरंच हवी. गॅरेजमध्ये ‘एसी चालत नाही’ एवढंच सांगितलं तर उत्तरही तेवढंच मोघम मिळतं. लक्षण नेमकं लिहा, कारण निम्मं निदान त्यातच असतं:

- सिग्नलला गरम आणि हायवेला गार: कंडेन्सरचा (पुढच्या जाळीमागे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचा) पंखा किंवा चिखलाने भरलेला कंडेन्सर. क्वचित थकलेला कॉम्प्रेसर.
- सुरुवातीला छान गार, तासाभराने जाळीतून हवाच कमी, गाडी थोडा वेळ बंद ठेवली की परत ठीक: डॅशबोर्डमागच्या, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय.
- सकाळी चालतो, इंजिन तापल्यावर अर्ध्या तासाने बंद: कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच.
- ब्लोअर फक्त फुल स्पीडला चालतो किंवा मनाला येईल तसा वर-खाली होतो: ब्लोअरचा पॉवर ट्रान्झिस्टर.
- डॅशबोर्डमागून टिकटिक: आतली हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते गेलेत.
- २४ वर ठेवला तरी हुडहुडी भरते, किंवा १८ वर ठेवूनही घाम फुटतो: सेन्सर.

चाचणी दुपारी, उघड्यावर करा. सुरुवातीलाच बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५. व्होल्टेज कमी असेल तर क्लच नीट ओढला जात नाही आणि कंट्रोल युनिट विचित्र वागतं. अशा वेळी आधी बॅटरी आणि अल्टरनेटर नीट करा, मग पुढे जा.

सावधान: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. बॉनेटखाली रेडिएटरचा पंखा कधीही सुरू होतो, म्हणून हात, ओढणी, बाही लांब ठेवा. डॅशबोर्डखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांना हात लावायचा नाही, मल्टिमीटर तर मुळीच नाही.

## टप्पा १: ‘लो’ची चाचणी

सगळ्या तपासणीचा पाया ही दहा मिनिटांची चाचणी आहे आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

१. इंजिन चालू, चारही काचा बंद, आतलीच हवा फिरवणारं बटण चालू.
२. पडद्यावर ‘लो’ येईपर्यंत तापमान खाली आणा. एसीचा दिवा लागलाय ना ते पाहा.
३. ब्लोअर हाताने मधल्या स्पीडला ठेवा.
४. थर्मामीटरची सळी मधल्या जाळीत खोल सरकवा.
५. कुणाला तरी इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरायला सांगा. दहा मिनिटांनी आकडा लिहा.

बाहेर ३५ अंश असताना ५ ते १० अंशांचा आकडा आला तर गारवा व्यवस्थित तयार होतोय. विदर्भातल्या ४४-४५ च्या उन्हात किंवा कोकणातल्या दमट हवेत दोन-चार अंश जास्त दिसले तरी घाबरू नका.

किती गार करायचं यात ‘लो’वर सेन्सरांचं मत जवळपास विचारात घेतलं जात नाही. गार-गरम हवा मिसळणारी झडप पूर्ण गारेकडे जाते आणि सिस्टिम जेवढं जमेल तेवढं गार करते. आता तापमान २४ वर आणून ‘ऑटो’ दाबा आणि पंधरा मिनिटं चालवून बघा.

इथे रस्ता फुटतो. ‘लो’वर गार पण ‘ऑटो’त गडबड, तर गॅस आणि कॉम्प्रेसर ठीक आहेत, थेट टप्पा ४ वर जा. ‘लो’वरही गार नाही, तर टप्पा २ पासून सुरुवात करा. वारा कमी येतोय, किंवा एका बाजूला गार आणि दुसरीकडे कोमट, तर टप्पा ३.

## टप्पा २: गारवा तयार होतोय का?

एसी चालू ठेवून बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरच्या पुलीकडे बघा. एसी लावला की ‘टक’ असा आवाज होऊन पुलीच्या तोंडावरची चकती पुलीबरोबर फिरू लागली पाहिजे. फक्त बाहेरची पुली फिरते आणि मधली चकती स्थिर, तर कॉम्प्रेसर लागलेला नाही. (लॉरासारख्या काही युरोपीय गाड्यांत असा क्लच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरत असतो. तिथे या ‘टक’ची वाट पाहू नका.)

कॉम्प्रेसर लागत नसेल तर:

१. एसीचा फ्यूज आणि रिले तपासा. फ्यूजबॉक्समध्ये अगदी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, बहुतेकदा हॉर्नचा, तर अदलाबदल करून पाहा.
२. क्लचच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. १२ च्या वर व्होल्ट येताहेत तरी क्लच ओढला जात नाही, तर दोष क्लचमध्ये.
३. व्होल्टेजच येत नाही, तर कंट्रोल युनिटने किंवा गॅसचा दाब पाहणाऱ्या प्रेशर स्विचने परवानगी दिलेली नाही. याची कारणं बरीच: गॅस फार कमी, दाब फार जास्त, इंजिन तापलेलं, बाहेरच्या तापमानाची चुकीची खबर, कूलिंग कॉइलच्या सेन्सरची चुकीची खबर. गॅस हे त्यातलं फक्त एक. सेन्सर कसे तपासायचे ते टप्पा ४ मध्ये.

प्रेशर स्विचच्या पिना वायरने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवणारे मेकॅनिक भेटतात. करू देऊ नका. गॅससोबतच तेल फिरतं. गॅस नसताना कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि चावून बसतो.

सकाळी चालतो आणि तापल्यावर बंद पडतो, या तक्रारीत क्लचमधली फट बघायला सांगा. चकती आणि पुली यांत साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर फट हवी. वर्षानुवर्षं घासून ती वाढते, मग क्लचमधल्या गरम झालेल्या चुंबकाच्या कॉइलला चकती ओढता येत नाही. बऱ्याचदा आतली पातळ चकती, म्हणजे शिम, काढून फट कमी करता येते. अख्खा कॉम्प्रेसर बदलायला लावला जातो अशी ही जागा आहे, म्हणून फट मोजून दाखवायला सांगा.

कॉम्प्रेसर लागतोय तर पुढचं बघा. इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे जाणारा जाड पाइप गार आणि घामेजलेला हवा, बारीक पाइप गरम. हात लावताना उलट्या बाजूने, क्षणभरच. कॉम्प्रेसरमधून निघणारा पाइप चटका देतो. एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतोय ना? नाही तर सिग्नलला गरम होण्याचं उत्तर मिळालं. पुढच्या जाळीतून कंडेन्सर बघा: चिखल, किडे, वाळलेली पानं. साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला की पत्र्याच्या नाजूक पट्ट्या मुडपतात आणि हवा कायमची अडते.

तपासा: दमट हवेत पंधरा मिनिटं एसी चालल्यावर गाडीखाली पाण्याचे थेंब पडले पाहिजेत. पाणी पडत नाही आणि डावीकडच्या सीटखालचा गालिचा ओला आहे, तर निचऱ्याची नळी तुंबलीय. ते पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर तो कूलंट आहे, हीटरची कॉइल गळतेय. ते काम लांबवू नका.

## टप्पा ३: गारवा पोचतोय का?

ग्लोव्हबॉक्स उतरवून केबिन फिल्टर काढा. फिल्टर काढून एसी लावल्यावर वारा एकदम वाढला, तर दोष सापडला. या फिल्टरची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्लोअरचा स्पीड सांभाळणारा पॉवर ट्रान्झिस्टर वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो आणि त्याच वाऱ्याने गार राहतो. फिल्टर तुंबला की तो तापून जळतो. म्हणून ट्रान्झिस्टर बदलून जुनाच फिल्टर परत लावणं म्हणजे नवा भाग जाळायची तयारी.

आता झडपा. डॅशबोर्डच्या आत एक झडप गार आणि गरम हवा मिसळते, दुसरी हवा पायाकडे, तोंडाकडे की काचेकडे ते ठरवते, तिसरी बाहेरची हवा घ्यायची की आतली ते. आपल्याकडे हीटर लावायची वेळच फारशी येत नाही, त्यामुळे मिसळणारी झडप गरमकडे अर्धवट अडकली तरी ‘एसी कमी झाला’ एवढंच वाटतं आणि दोष गॅसवर जातो.

इंजिन तापल्यावर तापमान ‘लो’वरून ‘हाय’वर न्या आणि कान द्या. हलकी घरघर येऊन अर्ध्या मिनिटात जाळीतली हवा स्पष्ट गरम झाली पाहिजे, परत ‘लो’वर आणली की गार. फरक पडत नाही, टिकटिक ऐकू येते, किंवा हवा मध्येच कोमट अडकते, तर मोटर किंवा झडप. जाळीतून काळ्या फोमचे तुकडे उडत असतील तर झडपेवरचा फोम झिजलाय आणि गरम हवा फटीतून गळतेय.

शंका उरलीच तर मेकॅनिककडून हीटरकडे जाणारी रबरी नळी, इंजिन गार असताना, मऊ तोंडाच्या चिमट्याने थोडा वेळ दाबून बंद करून घ्या. त्यानंतरच्या चाचणीत जाळीतली हवा गार आली तर दोष मिसळणाऱ्या झडपेचा, शंभर टक्के. पंधरा वर्षं जुनी, कडक झालेली नळी असेल तर हा प्रयोग टाळा, ती तडकते.

हमखास होणारी चूक: मोटर जागेवर असताना झडप हाताने रेटणं. उरलेले दातेही जातात. मोटर काढायच्या आधी तिची स्थिती मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवी बसवल्यावर इग्निशन चालू करून एखाद-दोन मिनिटं कुठलंही बटण दाबू नका. बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिट तेवढ्यात झडपांची दोन्ही टोकं नव्याने शिकतं. काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंट्रोल युनिटशी बोलणारं यंत्र, लागतो.

## टप्पा ४: मेंदूला खरं कळतंय का?

‘लो’ उत्तम पण ‘ऑटो’ बिघडलेला, अशा गाड्यांचा खरा टप्पा हा. इथे घाई करू नका. मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारी इथेच, फुकटात मिटल्या आहेत.

आतल्या तापमानाचा सेन्सर. स्टिअरिंगच्या आसपास डॅशबोर्डवर नखाएवढ्या फटींची एक छोटी जाळी असते. तिच्यामागे हा सेन्सर. नुसता बसून त्याला गाडीतलं तापमान कळत नाही. एक पातळ नळी किंवा इवलासा पंखा केबिनमधली हवा सतत त्याच्यावरून ओढत असतो. टिश्यू पेपरचा पदर सोडवून बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्या, ब्लोअर फुल करा आणि तो जाळीवर धरून सोडा. तो चिकटून राहिला पाहिजे.

खाली पडला तर ओढ नाही. मग सेन्सर डॅशबोर्डमागची कोंडलेली, तापलेली हवा मोजत बसतो आणि २४ वर ठेवूनही एसी तुम्हाला गारठवत राहतो. याचं नेहमीचं कारण: नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवताना मागची नळी निसटली आणि कुणी परत लावली नाही. नुकताच स्टिरिओ बदलला असेल तर आधी तिथेच बघा. जाळी धुळीने भरली असेल तर मऊ ब्रशने साफ करा, गॅरेजमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरचा झोत मारू नका.

उन्हाचा सेन्सर. डॅशबोर्डवर काचेजवळ काळी, वाटाण्याएवढी घुमटी. हिच्यावर किती ऊन पडतंय त्यावरून एसी जोर वाढवतो. आपल्याकडे नेमकी हीच जागा सपाट आणि मोकळी दिसते म्हणून तिथे गणपती चिकटवला जातो, नाहीतर डॅशबोर्डची मखमली चटई अंथरली जाते. एसीला वाटतं सावली आहे, आणि भर उन्हात तो हात आखडतो. बाप्पांना चार बोटं बाजूला बसवा, चटईला तेवढं भोक पाडा.

बाहेरच्या तापमानाचा सेन्सर. पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे. पडद्यावरचा आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, घरच्या थर्मामीटरशी ताडून बघा. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. उणे आकडा किंवा नुसत्या रेघा म्हणजे वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि ही पातळ वायर त्यांना हाताशीच असते. कनेक्टर जोडल्यावर आकडा लगेच बदलेल असं नाही. बऱ्याच गाड्यांत तो सावकाश, गाडी थोडी पळाल्यावर सुधारतो.

कूलिंग कॉइलचा सेन्सर. कॉइल गोठण्याच्या बेताला आली की कॉम्प्रेसर बंद करायचं काम याचं. हा चुकला की एक तर बर्फ धरतो, नाहीतर कॉम्प्रेसर उगाच लवकर बंद होतो.

सेन्सर मोजताना होणारी चूक म्हणजे दुसऱ्या गाडीचे आकडे धरून चालणं. ओहमचा (विजेला होणाऱ्या अडथळ्याचा) आकडा मॉडेलनुसार बदलतो. आकड्यापेक्षा वागणूक बघा: कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा, सेन्सर मुठीत धरा. तापत जाईल तसा ओहमचा आकडा सावकाश, न अडखळता उतरला पाहिजे. मीटर काहीच दाखवत नाही तर आत तार तुटलीय, जवळपास शून्य तर शॉर्ट. आकडा मध्येच उड्या मारतो तोही सेन्सर बदला.

## टप्पा ५: गाडीलाच विचारा

कंट्रोल युनिट सापडलेला दोष एका आकड्याच्या, म्हणजे कोडच्या, रूपात नोंदवून ठेवतं. तो कोड वाचायला दरवेळी स्कॅनर लागतोच असं नाही. त्या काळातल्या बऱ्याच टोयोटांमध्ये ‘ऑटो’ आणि आतल्या हवेचं बटण एकत्र दाबून धरून इग्निशन चालू केलं की पॅनेलचे सगळे दिवे काही वेळा उघडझाप करतात आणि मग कोड दिसतात. ०० म्हणजे सगळं ठीक. ११ आतला सेन्सर, १२ बाहेरचा, १३ कूलिंग कॉइलचा, २१ उन्हाचा. बाहेर पडायला ‘ऑफ’ दाबा.

सावधान: ही तपासणी उन्हात करा. पार्किंगच्या अंधारात केली तर चांगल्या सेन्सरवरही २१ दिसतो आणि लोक तो विनाकारण बदलतात.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि पुन्हा वाचा. आधी पुसला आणि मग वाचायला गेलात तर पुरावाच गेला. इतर कंपन्यांच्या गाड्यांत बटणांचा क्रम वेगळा असतो, काहींना स्कॅनरच लागतो. साधा, फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्वस्तातला स्कॅनर एसीचे कोड बहुधा दाखवत नाही.

## टप्पा ६: आता गॅस

इथवर सगळं ठीक निघालं आणि ‘लो’वर गारवा कमीच आहे, तरच गॅसकडे वळा. हे काम गॅरेजचं, तुमचं काम समोर उभं राहून पाहायचं. या गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए गॅस उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात किंवा बोटावर उडाला तर इजा होते.

‘प्रेशर बघतो’ म्हणून इंजिन बंद असताना गेज लावला आणि ‘गॅस भरपूर आहे’ म्हटलं तर मान डोलवू नका. ३० अंशांना बंद सिस्टिममधला दाब साधारण ९७ पीएसआय असतो, आणि आत थोडासाही द्रव गॅस शिल्लक असेपर्यंत तो तेवढाच दिसतो. निम्मा गॅस उडालेला असला तरी. खरं कळतं ते एसी चालू असताना. ३५ अंशांच्या हवेत कमी दाबाची बाजू ३० ते ४५, जास्त दाबाची २०० ते २५० पीएसआयच्या आसपास हवी.

- दोन्ही कमी: गॅस कमी, म्हणजे कुठेतरी गळती.
- दोन्ही जास्त: गॅस जादा, किंवा कंडेन्सर-पंख्याचा दोष.
- कमी दाबाच्या बाजूचा आकडा जास्त आणि जास्त दाबाच्या बाजूचा कमी: कॉम्प्रेसर थकला.
- कमी दाबाची बाजू शून्याकडे झुकते: गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला.

गॅस पेट्रोलसारखा ‘संपत’ नाही. वर्षभरात संपला म्हणजे गळतोय. जोडांवर आणि कंडेन्सरच्या तळाशी तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने तपासून घ्या. गळती बुजवण्याचं रसायन घालू देऊ नका, ते व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं.

क्रम असा हवा: उरलेला गॅस मशीनने काढणं, गळती दुरुस्ती, जोडांच्या नव्या रबरी ओ-रिंग, सिस्टिम उघडली असेल तर ओल शोषणारा नवा ड्रायर, गेलं तेवढं तेल, पंपाने आतली हवा ओढून किमान अर्धा तास व्हॅक्यूम, पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं सुई हलत नाही ना ते पाहणं, आणि मगच बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेल्या ग्रॅमएवढा गॅस, वजन करून. अंदाजाने नाही. दोनशे ग्रॅम जादा भरलेला एसी कमी भरलेल्याइतकाच वाईट चालतो. सिलिंडरवरचं नाव वाचा. स्वस्त म्हणून मिळणाऱ्या गॅसमध्ये पेट घेणारा हायड्रोकार्बन मिसळलेला असू शकतो.

## टप्पा ७: गाडी ताब्यात घेताना

गॅरेजमध्येच ‘लो’ची चाचणी पुन्हा करा आणि नवा आकडा वहीत जुन्या आकड्याशेजारी लिहा. मग २४ ‘ऑटो’वर अर्धा तास चालवा, थोडी सिग्नलांतून, थोडी मोकळ्या रस्त्यावर. सुरुवातीला ब्लोअर जोरात, आणि गाडी गार झाल्यावर आपोआप हळू झाला पाहिजे. अर्ध्या तासानंतरही तो फुल जोरात गरजत असेल तर पैसे देऊ नका, टिश्यूचा तुकडा खिशातून काढा आणि स्टिअरिंगजवळच्या त्या छोट्या जाळीवर परत लावून बघा.